राखणीचा कुत्रा : लाड असावेत, अतिलाड नसावेत

शेतकऱ्याच्या घरी बैल, दुभते जनावर आणि शेळ्या यांच्या जोडीने वावरणारा प्राणी म्हणजे कुत्रा होय. खळ्याची राखण, रात्रीची गोठ्यावरील नजर, मेंढरांच्या कळपाची सोबत आणि रानडुकरांची चाहूल देणे ही कामे तो इमानाने करतो. त्याच्या मोबदल्यात घरची माणसे त्याच्यावर माया करतात, आणि ते योग्यच आहे. तथापि ही माया दाखविण्याचा एकच मार्ग पुष्कळ घरांत ठाऊक असतो, तो म्हणजे खाऊ घालणे. अशा मायेने कुत्र्याचे आयुष्य घटते व घरातील माणसांनाही अपाय होण्याचा संभव असतो. म्हणून लाड कशाचे करावेत व कशाचे करू नयेत, याचा विचार अवश्य केला पाहिजे.

आहाराचे प्रमाण

कुत्रा मिळेल तेव्हा खाऊन घेतो. त्याने शेपूट हलविले किंवा ताटाकडे टक लावली, म्हणजे तो उपाशी आहे असे समजू नये. दहा-बारा किलो वजनाच्या कुत्र्यास घरातील पाच माणसांनी प्रत्येकी अर्धी भाकरी घातली, तर अडीच भाकऱ्या होतात. त्याचे ठरलेले जेवण वेगळेच राहते. घालणाऱ्या प्रत्येकास मात्र आपण अर्धीच घातली असे वाटते.

अमेरिकेत लॅब्रॅडोर जातीच्या ४८ पिल्लांवर याविषयी दीर्घकाळ प्रयोग करण्यात आला व त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. एकाच वेतातील पिल्लांच्या जोड्या लावून, जोडीतील एकास जेवढे अन्न दिले त्याहून २५ टक्के कमी दुसऱ्यास जन्मभर देण्यात आले. अधिक खाणाऱ्या गटातील निम्मी कुत्री ११.२ वर्षांपर्यंत मरण पावली; मोजके खाणाऱ्या गटात हीच मर्यादा १३ वर्षे ठरली. सांधेदुखीही मोजके खाणाऱ्यांना उशिरा जडली. सुमारे पावणेदोन वर्षांचे हे आयुष्य कोणत्याही औषधाने नव्हे, केवळ हात आखडता घेतल्याने लाभले. मात्र हे कुत्रे उपाशी ठेवलेले नव्हते, हेही ध्यानात घ्यावे. कुत्र्याची उपासमार करणे हा उपाय नव्हे.

याकरिता एक भांडे ठरवावे आणि पूर्ण वाढलेल्या कुत्र्यास त्या मापाने दिवसातून दोन वेळा जेवण द्यावे. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लास तेच थोडे थोडे करून चार वेळा द्यावे. नुसत्या भाकरीवर कुत्र्याचे भागत नाही. तिच्या जोडीला अंडे, शिजविलेले मांस, मासळी किंवा वरण असावे. पाणी सदैव स्वच्छ व भरपूर असावे. अधूनमधून खाऊ द्यावयाचा असल्यास तो दिवसाच्या एकूण आहाराच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक नसावा, आणि तेवढे जेवण कमी करावे.

हाताने करावयाची परीक्षा

कुत्रा योग्य वजनाचा आहे किंवा नाही, हे ओळखण्यास उपकरण लागत नाही. त्याच्या बरगड्यांवरून हलकेच बोटे फिरवावीत. आपला हात उघडा ठेवून त्याच्या पाठीवरील हाडे चाचपली असता जसे लागते, तशा बरगड्या लागल्या तर प्रकृती ठीक समजावी. मूठ आवळून वरच्या सांध्यांवर हात फिरविल्यासारख्या लागल्यास कुत्रा रोड आहे. तळहात दाबल्यासारखे मऊ लागून बरगड्या सापडत नसतील, तर तो स्थूल आहे.

कारवान व मुधोळ या जाती जन्मतःच सडपातळ असतात. त्यांच्या मागील काही बरगड्या दिसणे हे स्वाभाविक होय. कीव येऊन त्यांना खाऊ घालून गुबगुबीत केल्यास त्यांची धाव मंदावते. स्थूल कुत्र्यास उन्हाळाही अधिक बाधतो. कारण कुत्र्यास माणसाप्रमाणे अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच त्यास शरीर थंड करावे लागते.

प्रेमाने घातलेले विष

काही पदार्थ माणसास पथ्यकर असले तरी कुत्र्यास घातक असतात. द्राक्षे, बेदाणे व मनुके यांनी त्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. म्हणून बेदाण्याच्या शेडजवळ कुत्रा मोकळा सोडू नये. कांदा व लसूण यांनी त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. चॉकलेट व चहा हेही वर्ज्य समजावेत. शिजविलेली कोंबडीची हाडे फुटून त्यांच्या अणकुचीदार कपच्या घशात किंवा आतड्यात रुततात.

जत्रेच्या वेळी बोकड कापल्यावर काळीज व फुप्फुस यांचा टाकाऊ भाग कुत्र्यापुढे टाकण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. हा लाड सर्वांत महाग पडतो. त्या भागात पाण्याने भरलेल्या गाठी असल्यास कुत्र्याच्या आतड्यात बारीक पट्टकृमी वाढतात. त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडून हात, भाजी व पाणी यांच्यावाटे माणसाच्या पोटात जातात आणि यकृतात अथवा फुप्फुसात तशाच गाठी होतात. त्यांवर पुष्कळदा शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून असा भाग खोल पुरावा किंवा जाळावा. चांगला अर्धा तास उकळल्याखेरीज कुत्र्यास घालू नये. कुत्र्यास जंताचे औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमित द्यावे आणि त्यास हाताळल्यावर मुलांना हात धुण्याची सवय लावावी.

शिस्त हीही मायाच

पिल्लू लहान असताना ते बोट चावते, धोतर ओढते व अंगावर उडी घेते, तेव्हा सर्वांना कौतुक वाटते. तेच पिल्लू वर्षभरात मोठे होऊन तसेच वागू लागले, म्हणजे त्यास काठी बसते. वास्तविक दोष त्याचा नव्हे. जे मोठेपणी नको, ते लहानपणीही चालू देऊ नये. घरात एकाने हाकलावे व दुसऱ्याने तुकडा टाकावा, असे झाल्यास कुत्रा काहीच शिकत नाही. आज्ञा पाळल्याबरोबर शाबासकी द्यावी, मारहाण टाळावी. दिवसभर साखळीला बांधलेला कुत्रा चिडखोर बनतो, म्हणून त्यास रोज मोकळे फिरवावे. फिरविणे, अंगावरून हात फिरविणे, कानातील व बोटांमधील गोचीड काढणे हेच खरे लाड होत. ते कितीही केले तरी अपाय नाही.

लसीकरण

तीन महिन्यांच्या पिल्लास रेबीजची लस टोचावी व पुढील मात्रा पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्याने वेळच्या वेळी द्याव्यात. भुंकणारा कुत्रा चावत नाही, या म्हणीवर विसंबू नये. आणि घरचाच कुत्रा आहे म्हणून त्याच्या चाव्याकडे दुर्लक्ष करू नये. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, तीवर तिखट, हळद किंवा चुना लावू नये, आणि विनाविलंब आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्यावी. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी लसीकरणाच्या दिवशी जमलेल्या शेतकरी बांधवांना बरगड्यांची परीक्षा प्रत्यक्ष करून दाखवावी आणि आहाराचे माप ठरवून द्यावे. कुत्र्यास ‘पुरे’ म्हणता येत नाही. ते धन्यानेच त्याच्या वतीने म्हणावयाचे असते.