अधिकारपदाचे परिचर : रोममधील लिक्टर आणि मराठी परंपरेतील चोपदार, गारदी व वतनदार

प्रस्तावना
राज्यकर्ता एकटा कधीच चालत नाही. त्याच्या पुढे काठी, भाला किंवा ध्वज घेतलेला कोणीतरी चालत असतो. या परिचराची कामे मुख्यतः दोन : अधिकाराचे प्रदर्शन आणि अधिकाऱ्याचे रक्षण. इतिहासलेखनात मात्र त्याच्याकडे क्वचितच लक्ष दिले जाते. परिचर कोणत्या बंधनाने बांधलेला आहे, यावरून त्या सत्तेचे स्वरूप ओळखता येते, हे प्रस्तुत लेखात प्राचीन रोम व महाराष्ट्र यांतील उदाहरणांच्या आधारे मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

नियमाने बांधलेला परिचर
रोमन प्रजासत्ताकात कॉन्सलपुढे १२ आणि हुकूमशहापुढे २४ लिक्टर एका रांगेत चालत. त्यांच्या खांद्यावर चामडी पट्ट्यांनी बांधलेली छड्यांची जुडी असे. छडी हे फटक्यांच्या शिक्षेचे, तर जुडीतील कुऱ्हाड हे देहदंडाचे चिन्ह होते. मात्र रोम शहराच्या हद्दीत कॉन्सलचे लिक्टर जुडीतून कुऱ्हाड काढून ठेवीत. कारण तेथे नागरिकाला देहदंडाविरुद्ध लोकसभेकडे दाद मागण्याचा अधिकार होता. म्हणजेच सत्तेची मर्यादा परिचराच्या खांद्यावरच सर्वांना दिसत असे.

असा प्रतीकार्थ मराठी राजदरबारातही आढळतो. १६७४ मध्ये रायगडावरील राज्याभिषेकास उपस्थित असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडेन याने सिंहासनाच्या बाजूंना भाल्यांच्या टोकांवर लावलेली राजचिन्हे पाहिली. त्यांत न्यायाचे चिन्ह म्हणून सोन्याचा तराजूही होता. शस्त्राच्या टोकावर तराजू असणे पुरेसे बोलके आहे.

निष्ठेने व पैशाने बांधलेला रक्षक
१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी जिवा महाला याने सय्यद बंडाचा वार रोखून शिवाजी महाराजांचे प्राण वाचविले. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' या म्हणीतून ती निष्ठा लोकस्मृतीत टिकून आहे.

याउलट, केवळ पैशाने बांधलेला रक्षक धन्यावरच उलटू शकतो. रोममध्ये सम्राटाच्या रक्षणासाठी नेमलेल्या प्रिटोरियन सैनिकांनी इ. स. १९३ मध्ये सम्राट पर्टिनॅक्सची हत्या केली व साम्राज्याचे पद अधिक बक्षीस देऊ करणाऱ्या डिडियस ज्युलियानसला दिले. अखेर ३१२ मध्ये कॉन्स्टंटाइनने हे दल बरखास्त केले. पुण्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी असेच घडले. शनिवारवाड्याच्या पहाऱ्यासाठी ठेवलेल्या गारद्यांनी सुमेरसिंगाच्या नेतृत्वाखाली नारायणराव पेशव्यांचा वाड्यातच खून केला. या प्रकरणी रघुनाथरावांना दोषी ठरविण्याचे धैर्य न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी दाखविले. तलवारीने मोडलेली मर्यादा न्यायासनाने पुन्हा उच्चारली.

जन्माने बांधलेला परिचर
दरबाराबाहेर, गावपातळीवर, परिचराचे तिसरे रूप दिसते. गावाची राखण करणे, सरकारी अधिकाऱ्यांच्या दिमतीस राहणे, निरोप पोहोचविणे आणि वसुलाच्या रकमेसोबत जाणे ही कामे महार वतनदारांकडे वंशपरंपरेने होती. रोममधील लिक्टर हा स्वतंत्र नागरिक असे व त्याला राज्याकडून वेतन मिळे. वतनदाराला मात्र अपुऱ्या जमिनीच्या व बलुत्याच्या मोबदल्यात रात्री-अपरात्री राबावे लागे आणि काम नाकारण्याची मोकळीक त्याला नव्हती. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये ही वतनपद्धती रद्द करून या सक्तीतून सुटकेचा मार्ग खुला केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. पुढे मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने संपुष्टात आली.

निष्कर्ष
वरील विवेचनावरून असे दिसते की, नियमाने बांधलेला परिचर सत्तेची मर्यादा दाखवितो, केवळ पैशाने बांधलेला तिला धोक्यात आणतो, तर जन्माने बांधलेला तिच्यातील अन्याय उघड करतो. आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावताच हजारो वारकरी शांत होतात. मात्र एखाद्या दिंडीची तक्रार असल्यास ती टाळ वाजवीत राहते व चोपदार तिच्याकडे जाऊन तक्रार ऐकून घेतो. दंड हाती असणाऱ्याने ऐकूनही घ्यावे, हा लोकशाहीतील प्रशासनालाही उपयुक्त ठरणारा धडा आहे.