शिंदीच्या बीला घाई नसते

खजूर खाल्ल्यावर त्याची बी कधी नीट निरखून पाहिलीय? एका अंगाला लांब खाच असते आणि पाठीवर मधोमध बारीकसा गोल ठिपका. त्या ठिपक्याखाली इवलासा अंकुर झोपलेला असतो. बाकी सगळी बी म्हणजे त्याची शिदोरी, आणि तीही दगडासारखी टणक!

आमच्या मुठा खोऱ्यात खजूर होत नाही. पण त्याची सख्खी बहीण शोभावी अशी शिंदी आहे. दिवाळीत लक्ष्मी म्हणून पुजतो ती केरसुणी बहुतेक हिच्याच पानांची. फळं नारिंगी, गर नावाला, बी मोठी. पाखरं आणि उदमांजरं फळं खातात नि बिया इकडेतिकडे टाकतात. इथून पुढे बीची खरी परीक्षा. मुळशीत पाऊस कोसळतो तो चारच महिने. नंतर जमीन वाळत वाळत मे महिन्यात भेगाळते. मग एखादा वळीव येतो, मातीचा वास सुटतो आणि चार दिवसांत पुन्हा रखरखाट! बीने करायचं काय?

घाबरायचं नाही, थांबायचं. सुकताना बीच्या पेशींतली साखर गोठून काचेसारखी घट्ट होते. गोळीच्या पाकाचं होतं ना, तसंच. पेशींचे नाजूक भाग त्या काचेत जिथल्या तिथे धरून ठेवले जातात. जगणं जवळजवळ थांबतं, पण मोडत नाही.

खरी जोखीम पाणी परत आल्यावर असते. कोरडी बी पाणी शोषते तेव्हा पेशींची आवरणं काही वेळ गळकी होतात. बी आधी ती डागडुजी करते. मग वाढीची तयारी. कोंब बाहेर पडायच्या आत माती वाळली, तर पुष्कळ बिया पुन्हा सुकून तग धरतात. कोंब बाहेर आला की मात्र मागे फिरता येत नाही. शिंदीला रुजायला कित्येक आठवडे ओल लागते, म्हणून वळवाच्या एका सरीने ती फसत नाही. भाताचं बी मात्र चार दिवसांत मोड काढतं. पाऊस दडी मारतो तेव्हा दुबार पेरणी का करावी लागते, ते आता घरी आजोबांना विचारा. बियाण्याचा खर्च दोनदा!

सगळ्याच बिया सुकून जगतात असं मात्र नाही हं. सुट्टीत पुष्कळ मुलं शाळेसाठी बिया जमवतात. चिंच, बहावा खुशाल वाळवून ठेवा. पण फणसाच्या आठळ्या, आंब्याच्या कोयी, जांभळाच्या बिया कडक वाळल्या की मेल्याच. ही फळं पिकतात पावसाच्या तोंडावर. लगेच ओली माती मिळणार असल्यावर सुकायचं शिकायचं कशाला? पालकांनो, मुलांनी पिशवी भरून कोयी आणल्या तर त्या उन्हात पसरू नका, लगेच मातीत लावू द्या.

आता खजुराचा पराक्रम ऐका. इस्राएलमध्ये मृत समुद्राजवळ मसाडा नावाचा किल्ला आहे. तिथे 1963 ते 1965 या काळात झालेल्या उत्खननात खजुराच्या सुमारे 2000 वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या. जानेवारी 2005 मध्ये डॉ. एलेन सोलोवे यांनी त्यांतल्या काही भिजवून लावल्या. एक रुजली! झाडाचं नाव ठेवलं मेथुसेला. पुढे आणखी काही जुन्या बिया रुजल्या. त्यांतल्या हॅना नावाच्या मादी झाडाला मेथुसेलाचे पराग लावले, आणि 2020 मध्ये तिला चक्क खजूर लागले. हे जमलं ते वाळवंटातल्या कोरड्या हवेमुळे. आमच्या मातीत बुरशी आणि किड्यांनी तिला इतकी वर्षं ठेवली नसती. शिंदीला तेवढी गरजही नाही म्हणा, तिला फक्त पुढचा पाऊस गाठायचा असतो.

तुम्हीही खजुराची बी रुजवून पाहा. खारकेची नको, कारण खारीक करताना फळं पुष्कळदा उकळतात. बी दोन दिवस भिजवा, पाणी रोज बदला, मग ओल्या मातीच्या डब्यात उबेला ठेवा. काही आठवड्यांनी त्या ठिपक्यातून पांढरा जाड दोरा निघेल आणि वर न येता सरळ खाली जाईल. तो आपल्या टोकाशी अंकुराला खोल, ओलाव्याजवळ नेऊन ठेवतो. तिथे मूळ फुटतं. हिरवं पान दिसायला आणखी बरेच दिवस लागतात, तोवर डबा उकरून पाहू नका.