गोंगाटात यंत्राला ऐकू यावं कसं?

प्रेस शॉपमध्ये शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं. एक मीटरवरून नेहमीच्या आवाजात बोललेलं ऐकणाऱ्यापर्यंत साधारण ६० डेसिबलनं पोहोचतं. पत्र्यावर पंच आदळत असताना गोंगाट ९० च्या घरात जातो. डेसिबलच्या मापात ३० चा फरक म्हणजे ऊर्जेत हजारपट. अशा ठिकाणी यंत्राला तोंडी हुकूम द्यायचा कसा?

ओरडून भागत नाही. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे फ्रेंच कान-नाक-घसा तज्ज्ञ एतियेन लोंबार यांनी १९११ मध्ये दाखवून दिलं. त्यात पट्टी वर जाते, स्वरही लांबतात. शांत खोलीतल्या बोलण्यावर तयार झालेली यंत्रणा अशा उच्चारांपाशी अडखळते.

खरा उपाय अंतराचा आहे. अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलनं वाढतो. एक मीटरवरचा माइक ओठांपासून दोन सेंटीमीटरवर आणला, तर हिशेबानं तीसेक डेसिबलची भर पडते आणि गोंगाट मात्र तेवढाच राहतो. माइकचा पडदा दोन्ही बाजूंनी उघडा ठेवला, तर लांबचा आवाज दोन्हीकडून जवळपास सारखाच दाब देतो आणि बराचसा रद्द होतो.

गळ्याला बांधायचा माइक दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांनी वापरला. तो हवेतला आवाज न घेता कातडीची थरथर टिपतो. पण ‘स’ जीभ आणि दातांपाशी तयार होतो, गळ्यापर्यंत तो जेमतेम पोहोचतो. एका हातात जॉब, दुसऱ्यात व्हर्नियर धरून तपासनीस माप बोलतो ‘साठ’, आणि नोंद होते ‘आठ’! म्हणून आकडे सुटे बोलायचे: ‘सहा, शून्य’. ‘अहा’ नावाचा आकडा नसल्यानं ‘स’ हरवला तरी बिघडत नाही. ‘सात’ आणि ‘आठ’ यांचा घोळ मात्र उरतोच, त्यासाठी यंत्रणेनं ऐकलेला आकडा इअरफोनमध्ये परत म्हणून दाखवून होकार घ्यायला हवा.

यंत्र तातडीनं थांबवायचं काम मात्र आवाजाच्या भरवशावर सोडता येत नाही. घाबरलेला माणूस ठरलेला शब्द उच्चारेलच असं नाही, तो नुसता किंचाळेल. तिथं पिवळ्या पाटीवरचं लाल बटण हाताशी हवंच. तोंडी हुकमाकडे मापांची नोंद, गोदामातला माल काढणं अशी कामं द्यावीत, जिथं शंका आली तर यंत्राला पुन्हा विचारायला सवड असते.