कालाकुंडच्या वाटेवर

आश्विन सरत आला, सोयाबीन खळ्यावर येऊन पडले आणि पहाटेच्या वाऱ्यात किंचित गारवा जाणवू लागला, की माळव्यात भटकंतीचे खरे दिवस सुरू होतात. पातालपाण्याचा धबधबा पाहण्यास पावसाळ्यात लोटलेली गर्दी एव्हाना ओसरलेली असते. धार बारीक होते, गवत सोनेरी पडते आणि विंध्याचा घाट कोणाच्याही गडबडीवाचून पाहता येतो. गेल्या शरदात मी आईला घेऊन तिकडे गेलो. तिचे वय ७८, गुडघे कुरकुरणारे. तेव्हा बेत अगदी सोपा ठेवला होता. गाडीने घाट उतरून कालाकुंडास जावयाचे, तिथे गाडी थांबेल तेवढा वेळ नदीकाठाने पायी हिंडावयाचे आणि त्याच गाडीने परतावयाचे.

पातालपाणी ते कालाकुंड हा जेमतेम साडेनऊ किलोमीटरांचा मीटरगेज मार्ग. २५ डिसेंबर २०१८ पासून त्यावर वारसा म्हणून जपलेली गाडी धावू लागली. वाटेत चार बोगदे लागतात, आणि चढ असा की चाळीस फूट पुढे गेले की फूटभर उंची चढावी. वाफेच्या इंजिनांच्या काळी गाडीला मागूनही इंजिन लावावे लागे.

हा मार्ग झाला तो होळकरांच्या पैशाने. महाराजा तुकोजीराव (दुसरे) यांनी १८७० च्या सुमारास इंग्रज सरकारला एक कोटी रुपये, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीवर कर्जाऊ दिले. शिवाय संस्थानातली जमीनही दिली. ‘होळकर स्टेट रेल्वे’ हे नाव पडले ते त्यामुळे. एतद्देशीय राजाने साहेबाला कर्ज द्यावे, ही गोष्ट वर्गात सांगताना मला अजूनही गंमत वाटते. खांडव्याहून निघालेले रूळ नर्मदा ओलांडून, हा घाट चढून त्याच दशकात इंदुरास पोहोचले, आणि आपल्या लोकांना खांडव्यावरून दक्षिणेकडे जाण्याची वाट खुली झाली. पुढे खांडवा-आकोला रूळ जोडले गेल्यावर तर वऱ्हाड एका गाडीच्या अंतरावर आले. ‘मीनाक्षी’ने प्रवास केलेले वाचक या मजकुरावर मान डोलावतील.

पातालपाण्यास गाडी थांबते तेव्हा जुने प्रवासी तंट्या भिल्लाला हात जोडतात. इंग्रजांनी ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपुरास फाशी दिलेल्या या वीराचे ठाणे तिथे रुळांलगत आहे. तंट्यामामाला मान दिल्यावाचून गाडी घाट उतरत नाही, असे लोक म्हणतात. उतारापूर्वी ब्रेक तपासावेच लागतात, असे रेल्वेचे जाणकार म्हणतात. मला दोन्ही पटते.

कालाकुंडास उतरल्यावर फलाटावर पळसाच्या पानात कलाकंद मिळतो. तो घेऊन आम्ही गावाबाहेरच्या पाऊलवाटेने चोरल नदीकडे निघालो. (रुळांमधून चालू नये. हे सांगणे मास्तरकीचे वाटेल, परंतु सुट्टीच्या दिवशी शहाणीसुरती माणसेसुद्धा छायाचित्रासाठी बोगद्याच्या तोंडाशी उभी असलेली मी पाहिली आहेत.) वाट सपाट आहे. एका बाजूस सागाची मोठाली पाने, दुसरीकडे डोळे उघडलेली सीताफळे. नदी तेव्हा घोट्याएवढीच होती, तळातले गोटे स्वच्छ दिसत होते. पाव मैलावर आई एका शिळेवर टेकली. लुगड्याच्या काठाला चिकटलेली कुसळे एकेक काढीत ती म्हणाली, “अरे, हाच घाट ना?”

मी हो म्हणालो.

१९६६ च्या वैशाखात आकोल्याला तिचे लग्न झाले आणि वऱ्हाडी मंडळींबरोबर ती इंदुरास निघाली. वय १९. डब्यात समोर सासरे, शेजारी आत्याबाई. गाडी घाट चढू लागली तशी आत्याबाई म्हणाल्या, “सूनबाई, हा चढला की आपला माळवा लागला बरं.” “आणि मला रडू फुटलं,” आई म्हणाली. “पण सगळ्यांदेखत कसं रडायचं? बोगदा आला तेवढ्यात रडून घेतलं. उजेड आला की डोळे पुसायचे. पुन्हा बोगदा, पुन्हा तेच. चौथ्यानंतर बोगदेच संपले.”

इतक्या वर्षांत ही हकिकत मी कधी ऐकली नव्हती. ऐकणार तरी कशी? दर सुट्टीत आम्ही मुले याच बोगद्यांत आरोळ्या ठोकीत होतो.

मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पातून जाणारी आकोला-खांडवा मीटरगेज २०१७ साली बंद झाली. ३१ जानेवारी २०२३ रोजी महू-ओंकारेश्वर रोड गाडीचीही अखेरची फेरी झाली. ब्रॉडगेजसाठी घाट टाळून लांबचा मार्ग आखला गेला, म्हणूनच हा तुकडा वाचला. रुंद रूळ हवेतच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु निकामी झालेल्या जुन्या मार्गाचे काय करावयाचे, याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. न्यूझीलंडमध्ये ओटागो प्रांतातल्या सोडून दिलेल्या रेल्वेमार्गावर सुमारे दीडशे किलोमीटरांची वाट २००० साली पायी हिंडणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी खुली झाली. आपल्या मार्गावरचे जे तुकडे नव्या रुळांच्या कामी येणार नाहीत, ते भंगारात विकण्यापूर्वी कोणीतरी असा विचार करून पाहावा.

शिट्टी ऐकू आली तसे आम्ही परतलो. कलाकंदाचा एक द्रोण आईने उघडलाच नव्हता. मामाकडे पाठवायचा म्हणाली. मामा वारल्याला तीन वर्षे झाली आहेत हे तिला ठाऊक होते, मलाही होते. मी द्रोण पिशवीत नीट उभा ठेवला.

गाडी घाट चढू लागली. पहिला बोगदा आला, डब्यातल्या पोरांनी आरोळ्या ठोकल्या. मी आईचा हात धरला. उजेड आला तेव्हा ती बाहेरचा साग पाहत होती. “आता तीन राहिले,” ती म्हणाली.