विंचवाचे विष आणि काळजाची राखण



पाचटात हात घालताना, नाहीतर कोपीत अंथरूण झटकताना विंचू चावणे आपल्या रेणापूर भागात नवे नाही. ठणका किती, यावरून आपली माणसं विंचवाची पारख करतात. ही पारख उलटी आहे. नुसती आग होते, माणूस ओरडतो, पण हातपाय गरम आहेत, घाम-उलटी नाही, तर बहुधा जिवाला धोका नसतो. ठणका बेताचा, पण दरदरून घाम, उलट्या, तोंडाला लाळ, हातपाय गार, छातीत धडधड. हा रोगी धोक्यातला. त्यातून लेकरू असेल तर जास्तच. काळा मोठा विंचू दिसायला भयंकर, पण जीव घेतो तो लहानसा तांबडा.

असे का? विषाने अंगातल्या रक्तवाहिन्या आवळतात. चारीचे तोंड बंद करून मोटार चालूच ठेवली तर पाणी मागे तुंबते आणि बांधातून पाझरते. काळीजही असेच रेटून रेटून थकते, रक्त मागे तुंबते, फुफ्फुसात पाणी उतरते. मग दम लागतो, खोकल्यातून गुलाबी फेस येतो.

याचा उलगडा करण्यात मोठा वाटा आपल्याच मराठवाड्यातल्या माणसाचा. जालना जिल्ह्यातील देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी आरोग्य केंद्रात रुजू झाले. मोठी यंत्रे नव्हती. रोग्याच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास तपासून टिपणे करायची, हीच त्यांची देखरेख. रक्तदाबावरची प्राझोसिन ही गोळी आवळलेल्या वाहिन्या सैल करते, हे ओळखून त्यांनी ती वापरात आणली. पूर्वी गंभीर रोग्यांपैकी शंभरात तीसेक दगावत. ते प्रमाण एकाच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आज अतिदक्षता विभागात तीच राखण यंत्रे करतात. छातीला चिकटवलेल्या तारा काळजाचे ठोके पडद्यावर दाखवतात, दंडाचा पट्टा ठराविक वेळाने रक्तदाब मोजतो. बोटाचा चिमटा रक्तातला ऑक्सिजन सांगतो. कोरोनात तो घरोघरी पोचला. मात्र बोटे गार पडली की तो आकडा चुकवू शकतो, म्हणून एकट्या चिमट्यावर भिस्त नको. दम वाढला तर मास्कमधून दाबाने हवा देतात, तेवढ्याने भागले नाही तर घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावतात. ही हवा फुफ्फुसातल्या पाण्याला रेटा देते आणि थकल्या काळजाला उसंत मिळते. काळीज फारच मंदावले तर ठोक्याला जोर देणारे औषध थेंबाथेंबाने चालू असते.

इथे नातेवाइकांचा एक हट्ट असतो: "डाक्टर, सलाईन का लावंना गेलाव?" अहो, फुफ्फुस आधीच ओले; त्यात बाटल्या ओतल्या तर रोगी बुडतो. किती द्यायचे ते डॉक्टरांना ठरवू द्या.

आपण करायचे ते थोडके. चावल्याची वेळ ध्यानात ठेवा. चिरू नका, आवळून बांधू नका. इंचू उतरवणाऱ्याकडे तास घालवू नका. वरची लक्षणे दिसताच १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीने रुग्णालय गाठा. गरज पडली तर लातूर काही लांब नाही. बरे वाटले म्हणून लगेच घरी आणू नका, निदान एक दिवस-रात्र देखरेख लागते. प्राझोसिन मनाने देऊ नये. ती घेतल्यावर एकदम उठले तर रक्तदाब उतरून भोवळ येते. गोळी दिलेल्या रोग्याला लघवीलाही उभे करू नका, निजल्या जागी भांडे द्या.