पीळ एका वृषणाला, जपायचं दुसऱ्यालाही

तेरा-चौदा वर्षांचा मुलगा पहाटे पोट धरून उठतो. एक-दोन उलट्या होतात. घरचे ओवा देतात, उतार पडेल म्हणून वाट पाहतात. खरं कुठे दुखतंय ते तो लाजेपायी सांगत नाही. अशा वेळी वृषणाला पीळ पडलेला असू शकतो, आणि मग एकेक तास मोलाचा असतो.

वृषण ज्या रज्जूला लोंबतं, तिच्यातूनच त्याचा रक्तपुरवठा होतो. रज्जूला पीळ बसला की आधी शिरा दबतात, रक्त साचून वृषण सुजतं, मग धमनीही बंद होते. सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर दहापैकी नऊ वृषणं वाचतात. बारा तासांनंतर ही शक्यता निम्म्यावर येते, चोवीस तासांनंतर फारच थोडी उरते.

पण डॉक्टरांना चिंता दुसऱ्या, चांगल्या वृषणाचीही असते. त्याला पहिला धोका जन्मजात रचनेचा. एरवी वृषण मागच्या बाजूने अंडकोशाला चिकटलेलं असतं. काही मुलांत ही पकड नसते. घंटेच्या लोलकासारखं ते आत मोकळं हलतं. हा दोष बहुधा दोन्ही बाजूंना असतो. म्हणून सर्जन त्याच शस्त्रक्रियेत दुसरं वृषणही न विरघळणाऱ्या टाक्यांनी आतून पक्कं करतात. पीळ हाताने सोडवला आणि दुखणं थांबलं, तरी हे टाके टळत नाहीत.

दुसरा धोका सूक्ष्म आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत एका बाजूला पीळ दिल्यावर दुसऱ्या बाजूच्या शुक्रपेशीही मरताना दिसल्या. याची तीन स्पष्टीकरणं दिली जातात. वेदनेमुळे चेतासंस्था दुसऱ्या बाजूच्या रक्तवाहिन्याही आकसवत असावी. पीळ सुटून रक्त परतताना तयार होणारे ऑक्सिजनचे घातक रेणू पेशींना इजा करत असावेत. तिसरं कारण रोगप्रतिकारशक्तीचं. शुक्राणू वयात आल्यावर तयार होतात. तोवर शरीराने आपलं-परकं ओळखायला शिकून घेतलेलं असतं, त्यामुळे शुक्राणू त्याला परके वाटू शकतात; म्हणून वृषणातल्या सर्टोली पेशींची तटबंदी त्यांना रक्तापासून लपवून ठेवते. पीळ पडून ती फुटली, तर शुक्राणूंविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात.

ई जीवनसत्त्व, मेलाटोनिन अशा अनेक द्रव्यांनी उंदरांमधली ही हानी कमी झाली आहे. माणसासाठी मात्र यातलं एकही अजून रूढ उपचार बनलेलं नाही. दिलासा असा, की माणसांत प्रतिपिंडांचा पुरावा एकसारखा मिळत नाही, आणि पीळ पडून गेलेले बहुतेक पुरुष पुढे बाप होऊ शकतात. निकामी झालेलं वृषण काढावं लागलं, तरी एक निरोगी वृषण त्यासाठी पुरतं. म्हणूनच त्या एकाला जपणं इतकं महत्त्वाचं.

आज दोन्ही वृषणांसाठी सर्वांत खात्रीचं औषध म्हणजे वेळ. तपासणीत पीळ स्पष्ट दिसत असेल तर सर्जन सोनोग्राफीसाठीही थांबत नाहीत. मग घरी सकाळ होण्याची वाट पाहणं परवडणारं नाही. दुखणं अचानक आपोआप थांबलं, तरी दाखवायला हवंच, कारण सुटलेला पीळ पुन्हा पडू शकतो. मुलगा वयात येत असताना आईवडिलांनी त्याला एवढं मोकळेपणाने सांगून ठेवावं: तिथे एकाएकी दुखलं तर लाजू नकोस, रात्र असली तरी आम्हाला उठव.