ग्रुपवर टाकलं म्हणजे काम झालं?

म्हापशाला मुख्य कचेरी आणि पेडणे, डिचोलीला शाखा अशी एखादी क्रेडिट सोसायटी डोळ्यांसमोर आणा. शुक्रवारच्या बाजाराला आलेला सभासद कर्जाची चौकशी करतो आणि 'फाईल शाखेत आहे' एवढंच ऐकून परततो. मग संचालक मंडळ सर्व शाखांसाठी एक ॲप घेतं. त्याचा उपयोग झाला की नाही, हे ठरवताना मात्र काही गैरसमज आड येतात.

गैरसमज : सगळे वापरतात, म्हणजे ॲप यशस्वी.
वस्तुस्थिती : लॉगिन आणि मेसेज मोजून वर्दळ कळते, काम कळत नाही. अर्जापासून निर्णयापर्यंत किती दिवस लागले, जमिनीचा एक-चौदाचा उतारा पुन्हा किती वेळा मागवावा लागला, हे मोजा. तेही ॲप येण्याआधीचं आणि नंतरचं. चवथीच्या सुट्यांचा महिना एरवीच्या महिन्याशी ताडून पाहू नका.

गैरसमज : निळ्या खुणा आल्या, आता काळजी नाही.
वस्तुस्थिती : व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये सर्वांनी मेसेज पाहिल्यावरच खुणा निळ्या होतात. पण पाहणं म्हणजे जबाबदारी घेणं नव्हे. 'कोणीतरी उतारा पाठवा' यावर दहा अंगठे येतात, उतारा येत नाही. नाव आणि तारीख घालून दिलेली कामं किती वेळेत झाली, हा खरा हिशेब.

गैरसमज : कर्मचारी जुन्या वळणाचे, म्हणून ॲप चालत नाही.
वस्तुस्थिती : अशा प्रणालींत पुष्कळदा राबतो एक आणि फायदा होतो दुसऱ्याचा, हे अमेरिकी संशोधक जोनाथन ग्रुडिन यांनी 1988 मध्येच मांडलं. सामायिक कॅलेंडरमुळे बैठक बोलावणाऱ्याची सोय होते. ते भरत बसण्याचं काम बाकीच्यांवर पडतं. सोसायटीतला कारकूनही तीच नोंद रजिस्टरमध्ये करतो आणि ॲपमध्येही, कारण रजिस्टर कधी बंद करायचं हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. हा जादा वेळ ॲपच्या खर्चात धरायला हवा.

गैरसमज : ॲप आलं की एकोपा आपोआप येतो.
वस्तुस्थिती : संशोधक वांडा ऑर्लिकोव्स्की यांचा 1992 चा अभ्यास उलटच सांगतो. एका मोठ्या सल्लागार कंपनीने माहिती वाटून घेण्यासाठी लोटस नोट्स हे सॉफ्टवेअर आणलं, पण तिथे बढतीसाठी सहकाऱ्यांतच चुरस होती. आपल्याकडची माहिती कोण वाटणार? बक्षीस एकाच शाखेला मिळणार असेल, तर डिचोलीवाले वसुलीची युक्ती पेडण्याला कशाला सांगतील? ॲपच्या कराराचं नूतनीकरण ज्या बैठकीत होतं, त्याच बैठकीत मंडळाने बढती-बक्षिसांचे नियमही चर्चेला घ्यावेत.